भरलेल्या कॅसेटी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे आपल्या संस्थेतील सांस्कृतिक कार्यक्रमांच्या परंपरेविषयी लेख मागितला होता. मी या शाळेचा १९८२ ते १९८७ या काळातील निवासी विद्यार्थी आणि पुढे इतिहासाचा शिक्षक. तेव्हा जयंतीचे कार्यक्रम, गायन स्पर्धा, स्नेहसंमेलने यांची सनावळी मी नीट मांडीन, अशी मंडळाची अपेक्षा असावी. सनावळी मांडावयास बसलो आणि ध्यानात आले, की माझ्याजवळ पुरावा म्हणून जे काही आहे त्यातील फारच थोडे कागदावर आहे. बाकीचे एका पत्र्याच्या ट्रंकेत आहे. म्हणून मंडळाची क्षमा मागून मी त्या ट्रंकेविषयीच लिहितो.

ट्रंक माझ्या थोरल्या चुलत्यांची. आम्ही सारे त्यांना तात्या म्हणत असू. ते सांगलीस एस.टी.च्या कार्यशाळेत कामाला होते. शिक्षण चौथीपर्यंत. १९८१ साली बोनसच्या पैशांत आणखी उसने पैसे घालून त्यांनी रेडिओ आणि टेप एकत्र असलेला एक टू-इन-वन विकत आणला. घरात तेव्हा विजेचा पंखाही नव्हता. काकूंनी तीन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. चौथ्या दिवशी तात्यांनी काकूंचाच आवाज भरून त्यांना ऐकविला आणि तो अबोला सुटला, असे घरात सांगतात.

‘भरणे’ हा आमच्याकडचा शब्द. कॅसेट विकत घेतली तर ती नुसती घेतलेली. कोरी कॅसेट आणून तिच्यात कार्यक्रम साठविला तर ती भरलेली. तात्यांनी विकतच्या कॅसेटी फारशा घेतल्याच नाहीत. १९८१ पासून पुढे पंधरा-सोळा वर्षे ते सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील जयंतीचे कार्यक्रम स्वतः जाऊन भरीत राहिले. जयंती १४ एप्रिलची असली तरी गावोगावच्या जयंत्या मे अखेरपर्यंत चालत. गायन पार्ट्यांच्या तारखा मिळत नसत आणि मुंबईचे चाकरमानी मे महिन्यातच गावी येत. तात्यांच्या चिठ्ठ्यांवर रहिमतपूर, मसूर, कासेगाव, विटा, तासगाव, कवठेमहांकाळ अशी गावे दिसतात. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच होता आणि १९६० मध्ये ‘दक्षिण सातारा’ हे नाव जाऊन त्याचे ‘सांगली’ झाले. तात्यांच्या पिढीच्या मनात ही सीमा कधी पडलीच नव्हती. सोयरिकी दोन्हीकडे होत्या आणि एस.टी. दोन्हीकडे जात होती.

ड्यूटी संपवून ते संध्याकाळच्या गाडीने निघत. यंत्र धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेले, सेल वेगळ्या पिशवीत. बसावे कोठे याचे त्यांचे शास्त्र ठरलेले होते. कर्ण्याच्या तोंडासमोर बसावयाचे नाही. तेथे आवाज फाटतो. अगदी मंचाला चिकटूनही नाही; तेथे ढोलकी सगळे गिळून टाकते. पेटीवाल्याच्या बाजूला, दहा-बारा हातांवर, मांडीवर यंत्र घेऊन, वारा असेल तर माईकच्या जाळीवर रुमाल टाकून ते बसत. कॅसेट साठ मिनिटांचीच घेत. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमधील फीत पातळ असते, ती ताणते आणि गुंतते, हे त्यांना मिरजेच्या एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याने शिकविले होते. साठ मिनिटांची म्हणजे एका बाजूस तीस मिनिटे. गाणे रंगात आले असताना बाजू संपे, मग अंधारात चाचपून कॅसेट उलटावयाची. तेवढ्यात एखादे कडवे निसटे.

हे निसटणे किती महागात पडले, ते मला फार पुढे कळले. आपल्या कवींची नाममुद्रा गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात येते. वामनदादा कर्डक (जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर; निधन १५ मे २००४) यांची गाणी आपण ओळखतो ती पुष्कळदा शेवटच्या ओळींतील ‘वामन’ या शब्दावरून. ज्या गाण्याचा शेवटचा अंतरा कॅसेट उलटताना गेला, त्या गाण्याचा कवीही गेला. तात्यांच्या संग्रहात अशी सव्वीस गाणी आहेत. चाल आहे, शब्द आहेत, टाळ्या आहेत, कर्ता नाही. यांतील काही वामनदादांची असतील. काही आपल्याच दोन जिल्ह्यांतील एखाद्या गवंड्याने किंवा शिक्षकाने लिहिलेली असतील, ज्याचे नाव त्या अर्ध्या मिनिटाखेरीज कोठेच नव्हते.

कोरी कॅसेट स्वस्त नव्हती. म्हणून तात्या गाणे संपले की यंत्र थांबवीत आणि पुढील गाणे सुरू होताना पुन्हा चालू करीत. मधल्या वेळात निवेदक बक्षिसे पुकारी: अमक्याकडून पाच रुपये, तमक्या पाहुण्याकडून अकरा रुपये, पार्टी त्यांची आभारी आहे. ही पुकार भरणे म्हणजे फीत वाया घालविणे, असे तात्यांना वाटे; आणि ते स्वाभाविकच होते.

परंतु एका रात्री, १९८६ च्या मे महिन्यात, ते दुहेरी ड्यूटी करून आले होते आणि यंत्र चालू ठेवून बसल्या जागी झोपले. त्या कॅसेटची एक बाजू, पूर्ण तीस मिनिटे, न थांबता भरली गेली आहे. तिच्यात गाणी तीनच आहेत. बाकी सर्व बक्षिसांची पुकार, पेटीचा भाता फाटल्यावरून झालेली वादावादी, एका बाईचे मुलाला दटावणे, ‘सायकल वाटेतून काढा’ अशी विनंती, पाण्याचा टँकर उद्या येणार की परवा यावर दोन म्हाताऱ्यांचे बोलणे. तात्यांच्या यंत्रात आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय होती. मोठा आवाज आला की ती त्याला दाबी आणि शांतता झाली की लगेच सारे वर उचलून घेई. त्यामुळे खोकला आणि कुजबुज गाण्याइतकीच ठळक उमटली आहे. गवई आणि श्रोते एकाच उंचीवर बसलेले आहेत, असे ती कॅसेट ऐकताना वाटते.

तात्या त्या कॅसेटला ‘झोपेची’ म्हणत आणि तिची त्यांना लाज वाटे. मला विचाराल तर साऱ्या ट्रंकेत तीच सर्वांत मोलाची. त्या एका बाजूवर मी एकेचाळीस नावे मोजली. रोजगार हमीवरचे मजूर, साखर कारखान्यातील हंगामी कामगार, एक आरोग्यसेविका, मुंबईच्या गोदीत कामाला असलेले दोघे. यांतील बहुतेकांचे नाव सातबाराच्या उताऱ्यावर नाही, कारण जमीन नव्हती. वर्तमानपत्रात नाही, कारण कोणी छापले नाही. येथे त्यांचे नाव मोठ्याने उच्चारले गेले आहे आणि सोबत त्यांनी स्वखुशीने दिलेली रक्कम आहे. (ती नावे मी या लेखात देत नाही. घरच्या माणसांना विचारून मगच ती छापावीत, असे माझे मत आहे.)

इतिहासाचे एम.ए. करताना मला शिकविले गेले, की सांगली ही नाट्यपंढरी, कारण १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी तेथे ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. ते खरेच आहे. त्या प्रयोगाचे साल, स्थळ, आश्रयदाते सारे लिहिलेले आहे. परंतु १९२० च्या दशकात याच मुलखात सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरले आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तीच वाट धरली. त्या मंचांपुढे बसलेली माणसे कोण होती? भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहून ठेवले म्हणून निदान कलावंतांची माहिती तरी उरली. श्रोत्यांची कोणी लिहिली नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज आपणास बाजारातील कॅसेटींमुळे आजही ऐकू येतात. पण ती गाणी बंद खोलीत, कोरस आणि वाद्ये बसवून, स्वच्छ भरलेली असतात. त्यांत सायकल वाटेतून काढायला कोणी सांगत नाही.

आपल्या एका माजी विद्यार्थ्याचा मुलगा पुण्यास संगणक क्षेत्रात काम करतो. तात्यांच्या कॅसेटींची हकिगत ऐकून तो म्हणाला, “सर, हे तर टेपर लोकांसारखंच आहे.” हा शब्द मी प्रथमच ऐकला. त्याला पाश्चात्त्य रॉक संगीताचा नाद आहे आणि १९७०-८० च्या काळात श्रोत्यांनी स्वतः भरलेल्या मैफलींचा त्याच्याजवळ मोठा साठा आहे. लॉस एंजेलिसमध्ये एक तरुण चाकांच्या खुर्चीत बसून, खुर्चीत यंत्र लपवून लेड झेपेलिनच्या मैफलीस जात असे. चालता येत असूनही. ग्रेटफुल डेड नावाच्या वाद्यवृंदाने मात्र श्रोत्यांना भरण्याची मोकळीक दिली आणि १९८४ च्या ऑक्टोबरपासून अशा लोकांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. अट एवढीच, की विक्री करावयाची नाही. कॅसेटला कॅसेट द्यावी, पैसा मध्ये आणू नये. मला हसू आले. तात्यांचा नियम शब्दशः हाच होता. “कोरी आण, भरलेली ने,” असे ते म्हणत. कोणी पैसे पुढे केले तर त्यांना राग येई. तात्या टेपर होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हते.

त्या मुलाने मला त्यांच्या याद्याही दाखविल्या. मैफलीची तारीख, भरणारा कोठे बसला होता, माईक कोणता, प्रत मूळ आहे की प्रतीची प्रत. प्रत्येक प्रतीत खरखर वाढते, म्हणून ते ‘पहिली पिढी’, ‘दुसरी पिढी’ असे मोजतात. तात्यांच्या चिठ्ठ्या मी त्याच्यापुढे ठेवल्या: गाव, तारीख, पार्टी, ‘सेल जुने’, ‘वारा होता’. तो बराच वेळ पाहत राहिला.

एका बाबतीत मात्र आमचे जमेना. त्याच्या कॅसेटींत शेजारचा श्रोता बोलला, तर संग्राहक त्याला शिव्या घालतात. त्यांना वाद्यवृंद हवा असतो. एका परीने ते बरोबर आहे. त्या वाद्यवृंदांच्या तबकड्या निघाल्या आहेत, चरित्रे छापली आहेत. संग्राहकाला हवे असते ते त्या विशिष्ट रात्रीचे वाजविणे. आमच्या पार्ट्यांपैकी पुष्कळांची दुसरी कोणतीच नोंद नाही आणि श्रोत्यांची तर मुळीच नाही. तो ज्याला दोष म्हणतो तो मला दस्तऐवज वाटतो. हा वाद आम्ही अजून मिटविलेला नाही.

त्यानेच मला सांगितले, की अशा ध्वनिमुद्रणाचा आरंभ फार जुना आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायनेल मेपलसन यांनी १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोगांतील गायन मेणाच्या नळकांड्यांवर टिपले. मिनिट-दोन मिनिटांचे तुकडे आहेत, पण त्यांत टाळ्याही ऐकू येतात. १९०१ हे साल ऐकताच मला दुसरेच काही आठवले. साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावास निघालेले बाल भीमराव आणि त्यांच्यासोबतची मुले मसूरच्या स्टेशनावर उतरली आणि जात कळताच त्यांना गाडीवान मिळेना, तो प्रवास त्याच सालचा. बाबासाहेबांनी तो पुढे स्वतः लिहून ठेवला, म्हणून आपण जाणतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळते. तरीही मसूरचे लेबल असलेली कॅसेट हातात घेताना ते साल मनात येतेच.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख मी इतकी वर्षे टाळत आलो, ती सांगतो.

१९८५ च्या हिवाळ्यात मी नववीत होतो. आपल्या वसतिगृहात तेव्हा वक्तृत्व स्पर्धेचे मोठे वातावरण असे. माझा विषय होता महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह. गुरुजींनी सांगितले होते, की स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय उच्चार सुधारत नाहीत. संस्थेच्या कार्यालयात टेप होता. कॅसेट आपली आपण आणावयाची. सुटीत सांगलीस गेलो तेव्हा तात्यांकडे मागितली. ते कामावर निघण्याच्या घाईत होते. “घे की त्यातली एखादी,” म्हणाले. त्यांना म्हणावयाचे होते कोऱ्यांतील. मी भरलेल्यांतील घेतली. तिला चिठ्ठी नव्हती.

सात-आठ मिनिटांचे भाषण मी तीन वेळा भरले. २० मार्च १९२७ ही तारीख, सत्याग्रहींचा मोर्चा, ओंजळीत घेतलेले पाणी, सारे छातीठोकपणे. शेवटी एक वाक्य होते, गुरुजींनी लिहून दिलेले नव्हे, माझे स्वतःचे: आमचा इतिहास इतरांनी पुसला, तो आता आम्ही लिहिणार. स्पर्धेत दुसरा क्रमांक आला. कॅसेट तात्यांना परत दिली. त्यांनी ती लावली, पाच मिनिटे ऐकली, बंद केली आणि म्हणाले, “चांगलं बोलतुयास.” त्याच रात्री त्यांनी ट्रंकेतील साऱ्या कॅसेटींच्या मागच्या कडेच्या दोन-दोन लहान पट्ट्या स्क्रू-ड्रायव्हरने मोडून टाकल्या. त्या मोडल्या, की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. मी समोर बसून पाहत होतो. ही काही तरी दुरुस्ती असावी, असे मला वाटले.

१९९३ मध्ये माझी आई गेली. घरात तिचे दोन फोटो होते. महिनाभराने मी सहज तात्यांना विचारले, “तात्या, तुमच्या कॅसेटीत कुठं आईचा आवाज असंल का हो?”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “व्हता.”

१९८४ ची आमच्या गावची जयंती. आईने दोन रुपये देऊन एका गाण्याची फर्माईश केली. निवेदकाने वडिलांच्या नावाने रक्कम पुकारली. आई बायकांतून उठली, माईकपाशी गेली आणि म्हणाली, की पैसे माझ्या खुरपणीचे आहेत, माझे नाव घ्या. आणि स्वतःचे पूर्ण नाव तिने माईकवर सांगितले. लोक हसले, मग टाळ्या पडल्या. तात्यांनी त्या वेळी यंत्र थांबविले नव्हते. ती हीच कॅसेट.

आठ वर्षे त्यांनी मला हे सांगितले नव्हते. त्या दिवशीही मी विचारले नसते, तर सांगितले नसते, असे मला वाटते.

ती कॅसेट माझ्याजवळ आहे. तिच्या पट्ट्याही मोडलेल्या आहेत. माझे भाषण तिसऱ्यांदा संपते, खट् असा आवाज होतो आणि खालचे जुने भरलेले पुन्हा वर येते. साधारण चार मिनिटे. एका गाण्याचा शेवट, ढोलकीची उठावण, कोणीतरी चहाचे विचारतो. आई त्यात नाही. मी ती चार मिनिटे किती वेळा ऐकली असतील, याची गणती नाही. गुरुजींचा दोष नाही आणि तात्यांचाही नाही. वर्गात पुराव्याचे जतन हा भाग शिकविताना मी ही हकिगत मुलांना सांगत नसे. गेल्या वर्षापासून सांगतो.

तात्या २०११ मध्ये गेले. ट्रंक सांगलीच्या घरीच होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले आणि आमचे घर दोन दिवस पाण्याखाली होते. ट्रंकेत त्रेसष्ट कॅसेटी होत्या. चिखल सुकू देऊ नये, म्हणून मी त्या ओल्याच बादलीत घालून शाळेच्या प्रयोगशाळेत नेल्या. कवच उघडून फितीची गुंडाळी स्वच्छ पाण्यात, शेवटी बॅटरीत घालतात त्या पाण्यात बुडवून काढावयाची, सावलीत पंख्याखाली वाळवावयाची आणि दुसऱ्या कवचात बसवावयाची. उन्हात ठेवली तर फीत वाकडी होते. पहिल्या दोन मी तशाच घालविल्या. एकूण सत्तेचाळीस वाचल्या. चिठ्ठ्या मात्र बहुतेक विरघळल्या.

या वाचलेल्या कॅसेटी आता संस्थेच्या ग्रंथालयात आहेत आणि दर रविवारी तो पुण्याचा मुलगा व मी मिळून त्या संगणकावर उतरवितो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर अशा कॅसेटी पडून असतील. त्या लगेच यंत्रात घालू नका. वर्षानुवर्षे पडून राहिलेली फीत एकमेकीस चिकटलेली असते, ती तुटते. आधी पेन्सिल घालून हलक्या हाताने पूर्ण फिरवून घ्या. बुरशी दिसली तर तेही करू नका, तशीच आणून द्या. आणि कॅसेटवर काय आहे हे ठाऊक नसेल, तर आधी त्या मागच्या पट्ट्या मोडा.

आणखी एक. पाण्यात चिठ्ठी गेलेल्या एका कॅसेटवर फक्त ‘मे ८६’ एवढे वाचता येते. निवेदक एका मुलीला पुढे बोलावतो आणि इयत्ता विचारतो. ती “सहावी” म्हणते. गावाचे नाव सांगते तेव्हा जनरेटर मोठ्याने घरघरतो. मग ती गाते. भीमाईवरचे गाणे आहे, वरच्या पट्टीत. पेटीवाला दोनदा चुकून तिसऱ्यांदा तिच्या सुराला येऊन मिळतो. मागे एक बाई तिला ‘शकू’ की ‘सखू’ अशी हाक मारते. त्या बाजूवर नंतर आणखी एक कव्वाली आहे आणि मग फीत रिकामी चालते. ही मुलगी आज पन्नाशीत असेल. कोणाला ओळख पटली तर रविवारी सकाळी अकरा ते दोन या वेळेत ग्रंथालयात यावे. ऐकण्याची सोय केली आहे.